गाडीत झोपायचा हक्क कोणाला?

हल्ली मोबाईल उघडला की कुणीतरी गाडीची डिकी उघडून, आत गादी टाकून, डोंगराकडे पाय करून कॉफी पिताना दिसतो. खाली लिहिलेले असते, नोकरी सोडा आणि निघा. आमच्या वस्तीतली पोरे हे रील्स बघतात आणि पुढे सरकवतात. हे जग आपले नाही असे त्यांनी मनाशी धरूनच ठेवलेले आहे. चळवळीतले आमचे काही ज्येष्ठ तर याला सरळ चोचले म्हणतात. पोटाला पुरेसे नसताना भटकंती कसली, असा त्यांचा सवाल. या दोघांनाही आमचे एकच सांगणे आहे. वाहनात रात्र काढणे आपल्याला नवे नाही. आपल्या इतिहासात ते कधीच येऊन गेले आहे, फक्त तेव्हा त्याला कुणी कॅम्पिंग म्हणत नव्हते.

१९०१ साली साताऱ्याकडून रेल्वेने आलेली चार पोरे मसूर स्टेशनवर उतरली. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. सोबत थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते, त्यांच्याकडे सुट्टीला निघालेली ही पोरे. न्यायला कुणी आले नाही. स्टेशनमास्तर आधी गोड बोलला आणि जात कळल्यावर मागे सरला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊनही तयार होईनात. शेवटी एक जण तयार झाला तो या अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. मध्यरात्रीच्या सुमारास गाडी टोलनाक्याजवळ सोडली. सोबत खाणे होते पण पाणी नव्हते. नाकेदाराने ते दिले नाही. बैल सोडलेल्या गाडीच्या फळ्यांवर अंथरूण टाकून ती पोरे उपाशी पडून राहिली, आणि तेही दोघांनी झोपायचे, दोघांनी जागायचे असे ठरवून.

हे बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. इंग्रजी लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात ते आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी हा लेख इथेच सोडून आधी ते वाचावे. पाने थोडी आहेत. त्यातले बहुतेक प्रसंग कुठल्या ना कुठल्या प्रवासाचे, मुक्कामाचे, पाण्याचे, नाहीतर वाहनाचे आहेत, हे आमच्या तिसऱ्या वाचनात लक्षात आले. बैलगाडी, टांगा, मोटार, धर्मशाळा. जात घरात बसलेल्याला जितकी छळते त्याहून रस्त्यावर निघालेल्याला अधिक उघडपणे छळते. घरात निदान आपल्या वस्तीची भिंत तरी असते.

तर जानेवारीच्या अखेरीस आम्ही त्याच रस्त्यांनी निघालो. पुणे, मसूर, खटाव, नगर, औरंगाबाद, दौलताबाद, वेरूळ, चाळीसगाव, धुळे आणि शेवटी बडोदा. नऊ रात्री, जाऊन-येऊन पंधराशे किलोमीटरच्या वर. इथे 'आम्ही' म्हणतो म्हणून गैरसमज नको, गाडीत माणूस एकच होता. लिहिताना 'मी' म्हणण्याची सवय चळवळीने मोडली ती मोडलीच.

गाडी सेकंडहँड वॅगनआर. तिचे छप्पर उंच, त्यामुळे आत निदान बसता येते. मागची सीट पाडली, पुढची डावी सीट जाईल तितकी पुढे सारली, मधल्या खड्ड्यात जुन्या गोधड्यांच्या घड्या भरल्या आणि वर गादीवाल्याकडून मापाने कापून घेतलेली अडीच फुटी गादी टाकली. माप घेताना गादीवाल्याने विचारले, पेशंट न्यायचाय का? आपल्याकडे गाडीत आडवे होण्याचे दुसरे कारण लोकांना सुचत नाही. बाकी सामान म्हणजे पाण्याचा वीस लिटरचा जार, बादली-मग, एका बर्नरची शेगडी, काचांना आतून लावायचे काळे पडदे आणि मच्छरदाणीच्या कापडाचे दोन तुकडे.

मित्रहो, तुमच्यापैकी कुणी निघणार असेल तर हे नीट ऐका. दोन समोरासमोरच्या काचा बोटभर तरी उघड्या ठेवायच्या आणि तिथे मच्छरदाणी लावायची. काचा पूर्ण बंद केल्या तर पहाटे श्वासाचे पाणी आतून टपकते, अंथरूण ओले होते आणि डोके जड होते. एसी लावून, इंजिन चालू ठेवून झोपायचे नाही. गाडीत शेगडी पेटवायची नाही, कोळशाची तर मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने झोपेत माणसे गेलेली आहेत. हायवेच्या कडेच्या पट्ट्यावर कधीही मुक्काम करायचा नाही, डुलकी लागलेल्या ट्रकवाल्याला उभी गाडी दिसत नाही. पेट्रोल पंपाचे आवार, मोठा ढाबा, ओळखीच्याचे अंगण, एवढ्याच जागा. आणि अंधार पडायच्या आत जागा पक्की करायची. आमच्या नऊपैकी दोन रात्री हे जमले नाही, त्या दोन्ही रात्री झोप लागली नाही.

पहिला मुक्काम मसूरच्या पुढे एका पंपाच्या आवारात. पंपावरच्या पोराने विचारले, "एकटंच?" आम्ही हो म्हटले. "मग भिंतीकडंला लावा. मधी नका लावू, रात्री ट्रक उलटं घेत्यात." एवढ्यावर व्यवहार संपला. नाव नाही, आडनाव नाही, गाव कुठले, गावात कुठल्या बाजूला, काही नाही. रात्री दहाला पडदे लावून आडवे झालो आणि बराच वेळ डोळे उघडे ठेवून नुसते पडून राहिलो. ज्यांना लॉजच्या काउंटरवर आधार कार्ड दिल्यावर समोरच्याची नजर आडनावावर थांबलेली कधी पाहावी लागली नाही, त्यांना या पडून राहण्यातले सुख कळणार नाही. "एक मिनिट हं, साहेबांना विचारतो" आणि मग "सगळ्या रूम बुक आहेत" हे दोन वाक्यांमधले अंतर आम्ही कार्यकर्ते म्हणून फिरताना अनेकदा मोजलेले आहे. प्रत्येक वेळी जातच असते असे नाही, कधी खरेच रूम भरलेल्या असतात. पण खात्री कधीच होत नाही, आणि ती न होणे हाच तर छळ आहे. गाडीत काउंटर नाही. दार आपण आतून लावतो.

मात्र गाडीच्या मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' आहे. निघण्यापूर्वी घरच्यांनी ते काढायला सांगितले होते. एकटा चाललास, रात्री-बेरात्री कुठेही थांबणार, कशाला दाखवत फिरायचे? घरच्यांची काळजी खोटी नव्हती. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळ बघायला निघाले तेव्हा त्यांनीही वाटेत ओळख न सांगता जायचे ठरवले होते, उगाच विघ्न नको म्हणून. विघ्न यायचे ते आलेच. आम्ही स्टिकर ठेवला. त्याचा हिशेब सांगतो. दोन ठिकाणी ढाब्यावर ताट जरा आपटून आले. एका ठिकाणी गाडीला मागून इतका वेळ हॉर्न वाजवत कुणीतरी चिकटून आले की आम्ही बाजूला घेऊन त्याला जाऊ दिले. आणि टोलनाक्यावरची पोरे, पंक्चरवाले, एक एसटीचा कंडक्टर, ऊसतोडणीच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या बाया, अशा किमान वीस-पंचवीस जणांनी हात वर करून जय भीम घातला. खटावकडे जाताना खिळा घुसून टायर बसला तेव्हा स्टेपनीही अर्धी बसलेली निघाली. पंक्चरवाल्याने स्टिकर बघितला, चहा मागवला, दोन्ही टायर केले आणि एकाचेच पैसे घेतले. आम्ही हुज्जत घातली तेव्हा म्हणाला, "राहू द्या सर. कधी सभेला आलो तर वळखा म्हंजे झालं."

अमेरिकेतल्या काळ्या लोकांची एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाचा पोस्टमन होता. १९३६ साली त्याने एक पुस्तिका काढली. मोटारीने प्रवास करणाऱ्या काळ्या माणसाला कुठले हॉटेल खोली देईल, कुठला पंप पेट्रोल देईल, कुठल्या घरी मुक्काम होईल याची यादी. 'ग्रीन बुक' म्हणून ती प्रसिद्ध झाली आणि साठच्या दशकापर्यंत निघत राहिली. मोटार घेतली ती रेल्वे-बसमधला वेगळा डबा, मागची सीट टाळायला, पण रात्र झाली की झोपायचे कुठे हा प्रश्न उरलाच. कित्येक गावांत सूर्य मावळल्यावर काळ्यांनी दिसायचेच नाही असा दंडक होता. म्हणून कुटुंबे गाडीत झोपत, डबे सोबत घेत, पेट्रोलचा जादा कॅन ठेवत. आज ज्याला मोकळ्या रस्त्याची अमेरिकन मौज म्हणून विकतात तिच्या पोटात ही गोष्ट आहे. आमच्याकडे अशी पुस्तिका कुणी छापली नाही. तिचे काम काचेवरचा स्टिकर करतो, बरे-वाईट दोन्ही.

नगर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी विहाराच्या बाहेर गाडी लावली. विहाराला कुलूप होते. शेजारच्या घरातल्या आजी बाहेर आल्या, स्टिकर वाचता येत नसावा पण रंग ओळखला. "लेकरा, कुनाच्या घरी आलास?" कुणाच्याच नाही, इथेच गाडीत झोपणार म्हटल्यावर त्यांना ते पटेना. "घरं असताना गाडीत? लोक काय म्हनतील आमाला?" बाजरीची भाकरी, वांग्याचे कालवण, ठेचा आणि सकाळी चुलीवरचे गरम पाणी. बदल्यात अर्धी वस्ती अंगणात जमली आणि रात्री बारापर्यंत घरकुलाचे हप्ते, गायरानाची केस, पोराच्या स्कॉलरशिपचा अडकलेला अर्ज यांवर बोलत बसली. एकट्याने भटकायला निघालेल्या माणसाला चळवळ अशी अंगणात गाठते. अर्जाचे काम परत आल्यावर केले, तो निकाली निघाला.

पण ते कुलूप आमच्या डोक्यातून गेले नाही. पुढे वेरूळला पाचव्या क्रमांकाच्या लेण्यात उभे राहिलो तेव्हा ते पुन्हा आठवले. लांबच लांब दालन, मधोमध दगडात कोरलेले दोन बुटके बाक आणि दोन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या. विहार या शब्दाचा अर्थ राहण्याची जागा. पश्चिम महाराष्ट्रातली जुनी लेणी बघा, कार्ले, नाशिक, जुन्नर, कान्हेरी. घाटांच्या तोंडाशी आणि व्यापारी वाटांच्या आसपास ती कोरलेली आहेत. तिथल्या शिलालेखांत व्यापारी, कारागीर, भिक्खुणी, गृहिणी अशा साध्या माणसांची नावे दाते म्हणून आहेत. कुणी खांब दिला, कुणी खोली दिली, कुणी पाण्याची पोढी खोदून दिली. दगडात नाव कोरून पाणी दिले हो या लोकांनी! आणि त्याच महाराष्ट्रात विसाव्या शतकात चार पोरांना टोलनाक्यावर घोटभर पाणी मिळाले नाही. आम्ही आज गावोगावी विहार बांधतो, फरशी लावतो, मूर्ती आणतो, आणि संध्याकाळची वंदना झाली की कुलूप घालतो. परीक्षेला आलेला पोरगा, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेले कुटुंब, वाटसरू, यांच्यासाठी एक नळ, एक संडास आणि चटई टाकण्यापुरती जागा प्रत्येक विहाराने उघडी ठेवली तर बिघडते कुठे? चोरी होईल, दारुडे येतील, ही उत्तरे आम्हाला पाठ आहेत. दहा जणांची पाळी लावली तर यातले काही होत नाही. वर्गणी जमवताना आपण घरोघर फिरतोच ना?

दौलताबादला वेरूळच्या आदल्या दिवशी थांबलो होतो. १९३४ साली किल्ल्याच्या वेशीजवळच्या हौदावर बाबासाहेबांच्या मंडळींनी धुळीने भरलेले हातपाय धुतले आणि हौद बाटला म्हणून गर्दी धावून आली. ती गर्दी मुसलमानांची होती, हे बाबासाहेबांनी लपवले नाही आणि आम्हीही लपवणार नाही. जात धर्म ओलांडून पाण्यापाशी येते. किल्ला बघायची परवानगी मिळाली ती सोबत शिपाई देऊन, हे लोक आत कुठे पाण्याला शिवत नाहीत ना ते बघायला. आज तिथे तिकीट काढले की कुणीही आत जातो. आम्हीही गेलो, अंधारी पार करून वरच्या बारादरीपर्यंत चढलो. उतरल्यावर जारमधले पाणी घेऊन तोंड धुतले. त्या आधी महाडला १९२७ साली ओंजळभर पाण्यासाठी काय झाले ते वाचकांना सांगायला नको.

चाळीसगावला आम्ही मुद्दाम एक दिवस जास्त काढला. १९२९ च्या ऑक्टोबरात बाबासाहेब तिथे स्टेशनवर उतरले तेव्हा ते बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. वस्तीतल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. पण टांगेवाले महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार नव्हते. तडजोड अशी निघाली की टांगा भाड्याने घ्यायचा आणि हाकायचा वस्तीतल्याच माणसाने. त्या बिचाऱ्याला टांगा हाकायची सवय नव्हती. मोरीवर चाक अडकून टांगा कलंडला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. वस्तीच्या लोकांनी त्यांचा मान राखण्यासाठी त्यांना पायी न नेता टांगा केला होता. बाबासाहेबांनी या प्रसंगावर जे म्हटले आहे त्याचा आशय असा की कितीही शिकलेला अस्पृश्य असो, घरकाम करणारा टांगेवाला स्वतःला त्याच्याहून वरचा समजतो.

या प्रसंगाकडे आमची माणसे जखमेच्या बाजूने बघतात. आम्हाला तो लगाम महत्त्वाचा वाटतो. १९०१ साली पोरांना गाडी हाकावी लागली, १९२९ साली वस्तीतल्या माणसाला टांगा. दोन्ही वेळा लगाम हाती आला तो शिक्षा म्हणून. आज आमच्या प्रत्येक वस्तीत ड्रायव्हर आहेत. कंपनीच्या कॅबवर, आमदाराच्या गाडीवर, डंपरवर, रुग्णवाहिकेवर. रात्र-रात्र स्टिअरिंगवर काढणारी ही पोरे दुसऱ्याला महाबळेश्वर, गोवा, शिर्डी दाखवतात आणि स्वतः पार्किंगमध्ये सीट मागे पाडून झोपतात. गाडीत झोपणे त्यांच्याकडून शिकावे, रील्सवाल्यांकडून नव्हे. आमच्या बाजूला गाडी लावलेल्या एका कॅबवाल्याने चाळीसगावला आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या. डोके नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचे, आणि बूट गाडीखाली न ठेवता आत घ्यायचे, कुत्री पळवतात. स्वतःच्या मर्जीने गाडी घेऊन कधी कुठे गेलास, असे विचारले तर म्हणाला, "लग्नानंतर एकदा. जेजुरीला. तेपण मालकाची गाडी होती, किलोमीटर मोजून दिले." मौजेखातर केलेला प्रवास हा चोचला आहे असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांना आम्ही हे वाक्य ऐकवू इच्छितो.

हालही कमी नव्हते. पाचव्या रात्रीनंतर कंबर धरली, कारण साडेपाच फुटी माणूस पाच फुटी जागेत तिरका झोपला की कंबरच भरपाई देते. खानदेशात जानेवारीत पहाटेची थंडी हाडात शिरते आणि दुपारी तीच गाडी भट्टी होते. पंपावरचे संडास कुठे स्वच्छ, कुठे कुलूपबंद, कुठे असे की उघड्यावर गेलेले बरे. बाईमाणसासाठी हाच प्रश्न सगळ्यात मोठा. आम्ही जे नऊ रात्री निभावले त्यातले निम्मे पुरुष असल्याच्या जोरावर, हे इथे स्पष्ट लिहितो. रात्री काचेवर टकटक झाली तर आम्ही काच खाली करून बोलू शकतो. आमच्या भगिनीला तो निर्णय दहादा तोलावा लागेल. एकटेपणाचा त्रास मात्र आम्हाला वाटला होता त्याहून निराळा निघाला. दिवसा काही वाटत नाही. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात, जेव्हा सगळे घरी निघालेले असतात आणि आपण जागा शोधत असतो, तेव्हा आपण नेमके कोणापासून पळालो आहोत असा प्रश्न पडतो. रात्र झाली की तोही जातो.

आता ज्या रात्रीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. धुळ्यात लळिंगच्या लांडोर बंगल्यापर्यंत जाऊन आलो. तिथे दरवर्षी ३१ जुलैला बाबासाहेबांच्या मुक्कामाच्या स्मृतीत माणसे जमतात. तिथून साक्रीच्या बाजूने गुजरातकडे निघालो होतो. अंधार पडला, पंप मिळेना. एका गावाबाहेर, रस्त्यापासून आत, पडीक जागेत दोन पाले दिसली. माणसांची सोबत म्हणून तिथेच शंभर पावलांवर गाडी लावली. घिसाडी कुटुंब होते. नवरा-बायको, म्हातारी आई, तीन पोरे, एक भाऊ. विळे-कुऱ्हाडींना धार लावून देत गावोगाव फिरतात. त्यांनी चुलीवरचा कोरा चहा दिला, आम्ही बिस्किटे दिली. माणसाने न विचारता प्लास्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड काढून दाखवले. आम्ही म्हटले, आम्हाला कशाला दाखवता? म्हणाला, "सवय झालीय, दादा. नवा माणूस आला की आधी कार्ड."

रात्री साडेबारा-एकला काचेवर बॅटरी आली. सहा-सात तरुण आणि एक वयस्क माणूस. नाव काय, गाव काय, इथे काय करता. आम्ही पूर्ण नाव सांगितले, लायसन दाखवले. कुणीतरी मागे जाऊन स्टिकर वाचला, आपसात काही कुजबुज झाली. मग वयस्क माणूस म्हणाला, "बरं बरं. झोपा साहेब तुम्ही. चोऱ्या व्हायला लागल्यात म्हणून विचारलं." आणि बॅटऱ्या पालांकडे वळल्या. तिथे साहेब नव्हते. "ए, ऊठ रे. पोरं कुणाची आहेत ही? सकाळच्या आत हालायचं इथून."

आम्ही बाहेर आलो. आम्ही विचारले की परके आम्हीही आहोत आणि तेही आहेत, मग आम्ही झोपायचे आणि त्यांनी उठायचे, हे कुठल्या हिशेबाने? एक पोरगा म्हणाला, "तुमचं वेगळं, तुम्ही गाडीवाले." आम्ही म्हटले, जमीन पडीक आहे, या माणसाकडे कार्ड आहे, त्यांच्यावर संशय असेल तर ११२ ला आत्ता फोन लावतो, पोलिसांसमोर बोलू. फोन हातात धरून उभे राहिलो. पाच-दहा मिनिटे शब्दाला शब्द लागला, मग ती मंडळी बडबडत निघून गेली.

आम्हाला वाटले, मिटले. वळून बघतो तर बाई भांडी पोत्यात भरत होती. अहो, गेले ते, आता कशाला? तो माणूस दोर सोडता सोडता म्हणाला, "तुम्ही सकाळी जाताल, दादा. आमाला पुढच्या साली याच गावात यायचंय धंद्याला." तीन वाजेपर्यंत दोन्ही पाले उतरली, सामान हातगाड्यावर चढले, झोपेतली पोरे त्यावर ठेवली आणि ते चालू लागले. आम्ही गाडीत बसवून सोडतो म्हटले. सामान सोडून कसे येणार, म्हणाले. आमचा नंबर कागदावर लिहून दिला.

त्याच साक्री तालुक्यात राईनपाडा आहे. १ जुलै २०१८ ला तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना, मुले पळवणारी टोळी आली या अफवेवरून, जमावाने ठेचून मारले. ती माणसे सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आली होती. त्या घिसाड्याला हे ठाऊक होते. आमच्या हातातला फोन त्याला वाचवू शकणार नाही हेही ठाऊक होते.

१८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, पास, काटेरी तारांच्या वसाहती. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि गावाच्या डोळ्यातला संशय जिथल्या तिथे राहिला. बाबासाहेबांच्या संविधानाच्या कलम १९ मध्ये भारतभर मुक्तपणे फिरण्याचे आणि कुठेही राहण्याचे स्वातंत्र्य आहे. ते आम्ही त्या रात्री गाडीत झोपून वापरले. पालातल्या माणसाला ते वापरता आले नाही. सत्तर-ऐंशी हजारांची जुनी गाडी त्या दोघांच्या मधे होती, बस. तंबूत झोपायला आज रिसॉर्टवाले रात्रीचे हजारो रुपये घेतात, त्याला ग्लॅम्पिंग म्हणतात. तोच तंबू फाटक्या ताडपत्रीचा असला की त्याला अतिक्रमण म्हणतात.

आणि प्रश्न फक्त गावाला विचारून चालणार नाही. आमच्या मोर्चांत, आमच्या जयंती मंडळांत, आमच्या वसतिगृहांच्या मागण्यांत पालांवरची माणसे किती असतात? भटक्या-विमुक्तांचा एखादा ठराव पास करायचा आणि पुढच्या विषयाकडे वळायचे, ही आमची रीत झाली आहे. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करून तालुक्यात पाले कुठे पडतात त्याची नोंद ठेवा, त्यांच्या मुक्कामाच्या काळात रोज दोन कार्यकर्ते संध्याकाळी चक्कर मारून या. गावाला दिसले पाहिजे की यांना विचारणारे कुणी आहे. यासाठी गाडी लागत नाही.

बडोद्याला आठव्या दिवशी पोहोचलो. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेले बाबासाहेब इथे संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले आणि आख्ख्या शहरात त्यांना खोली मिळाली नाही. पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. मित्रांकडे विचारून पाहिले, कुणी ठेवून घेतले नाही. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाटीबागेत बसून होते. त्या बागेतल्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा नागपूरकडून आलेली एक बस उभी होती, बाया झाडाखाली डबे सोडून बसल्या होत्या. त्यांनी हाक मारून जेवायला बसवले. बाग संध्याकाळी रिकामी करायला सांगतात, म्हणून शहराबाहेर हायवेच्या पंपावर गाडी लावली. तिथे दोन रांगांत ट्रक होते, मधे एक जागा रिकामी होती.

परत आल्यावर आमच्या एका सहकारी ताईने गाडीची चावी मागितली आहे. मार्चमध्ये महाडला जायचे म्हणते, एकटीनेच, कोकणातून फिरून. गादी आत तशीच ठेवली आहे. तिने दारांना आतून लावायची जादा कडी बसवून मागितली, ती बसवायला गाडी सध्या गॅरेजला आहे. घिसाड्याचा फोन अजून आलेला नाही.